फुईचं तेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. एकदा सांगायला म्हणून निघाले होते, बसमध्ये बसलेही होते — त्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मी कोण आहे ते सांगावं लागतं, आणि तिथेच जीभ अडते. लोक मला जे समजतात ते बरंचसं याच एका गोष्टीवर उभं आहे.

सुरुवात कुठून करू? कामापासून करते. ते सोपं आहे.

मी शहाद्याला राहते आणि स्वमग्न मुलांना शिकवते. ज्यांना बोलता येत नाही, हाक मारली तर वळून बघत नाहीत, पंख्याकडे तासन्‌तास पाहत बसतात — अशी मुलं. दोन खोल्यांचं केंद्र आहे. लोक मला मॅडम म्हणतात. वागणुकीचं विश्लेषण करून शिकवायची एक पद्धत असते, ती मी पुण्याला शिकून आले. नाव जड आहे, पण आतली गोष्ट साधी. माणूस असं का वागतो, हे त्याच्या मनात डोकावून ठरवायचं नाही. आजूबाजूला बघून ठरवायचं. वागण्याच्या आधी काय घडलं, मग तो काय वागला, आणि त्यानंतर लगेच त्याला काय मिळालं. बस. दुकानासमोर मूल रडलं आणि आईनं कुरकुऱ्यांचं पाकीट घेऊन दिलं, तर उद्या ते त्याच दुकानासमोर रडणार. पाकिटानं रडण्याला बळ दिलं. याला आम्ही प्रबलन म्हणतो. पाकीट मिळणं बंद झालं की रडणं हळूहळू विझतं, ते विलोपन. पण विझण्याआधी ते भडकतं. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण बटण जास्तच जोरात दाबतो ना? तसं. त्या भडक्याला आईबापांनी घाबरायचं नसतं. तिथे माघार घेतली की सगळं मुसळ केरात.

हे मी शेकडो पालकांना सांगितलं आहे. चांगलं सांगते, असं म्हणतात.

आणखी एक नियम आहे, आणि खरं तर तोच पहिला. मूल अचानक वेगळं वागायला लागलं, स्वतःला मारायला लागलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. दात, कान, पोट. जे मूल बोलू शकत नाही ते दुखतंय हेही सांगू शकत नाही. हा नियम मला पाठ होता. मला माहीत नव्हतं, असं नंतर कुणी माझ्या बाजूनं म्हणायला नको, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

भाविका ब्राह्मणपुरीची. वडील प्रकाशभाऊ पपईची शेती करतात. आई मनीषाताई बारावीपर्यंत शिकलेल्या, हुशार, मी सांगेन ते मोबाइलमध्ये नोंदवून ठेवणाऱ्या. आणि घरात प्रकाशभाऊंची थोरली बहीण. फार लवकर विधवा झाली आणि भावाकडे राहायला आली. भाविकाची ती फुई, म्हणजे आत्या. पुढे मीही तिला फुईच म्हणायला लागले. भाविकाला जन्मापासून तिनेच सांभाळलं होतं. मनीषाताई स्वतःच म्हणायच्या, मी हिला जन्म दिला एवढंच.

भाविका माझ्याकडे आली तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. गोरी, कुरळ्या केसांची, एक शब्द नाही. काही हवं असलं की ओरडायची किंवा फुईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. मी तिला चित्रांची कार्डं दिली. पाण्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं की लगेच पाणी. सुरुवातीला मागून तिचा हात धरून कार्ड उचलायला लावायचं, मग फक्त कोपराला स्पर्श करायचा, मग तोही काढून घ्यायचा. आधार द्यायचा आणि तिला कळणार नाही अशा बेतानं काढत न्यायचा. एक दिवस ती आपली आपण उठली, कप्प्यातून कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पाणी. दारात बसलेल्या फुईनं पदर डोळ्यांना लावला. मनीषाताईंनी व्हिडिओ काढला आणि तो शहादा तालुक्यात फिरला. म्हसावदहून, धानोऱ्याहून, पार नवापूरकडून लोक विचारत यायला लागले.

मला ते आवडलं. फार आवडलं. प्रबलन फक्त मुलांनाच लागू होतं असं थोडंच आहे?

त्यानंतर काही महिन्यांनी, हिवाळ्यात, भाविका स्वतःच्या डाव्या कानावर हात मारायला लागली. आधी हळू. मग थाड थाड आवाज येईल असं. आणि सोबत एक किंकाळी — तिच्या नेहमीच्या ओरडण्यापेक्षा वेगळी, बारीक. आता वेगळी म्हणते. तेव्हा मला ती वेगळी ऐकू आली होती का? आली होती. मी कशाला खोटं बोलू.

फुई लगेच धावायची. केंद्रात असली तर चपला सोडून आत यायची, घरी असली तर चुलीवरचं तसंच टाकून. भाविकाला पोटाशी घ्यायची, कानावर तळहात ठेवून डोलायची. भाविका शांत व्हायची. मी हे बघत होते. आधी काय? विशेष काही नाही. वागणूक? कानावर मारणं. नंतर काय? फुई. माझं उत्तर तयार झालं. लक्ष मिळवण्यासाठी करते आहे. फुई धावते म्हणून कान मारते. फुई धावायची थांबली की कान मारणंही थांबेल.

उबदार तळहात दुखऱ्या कानावर ठेवला तरी मूल शांत होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही का?

आलं. एकदा आलं, आणि मी ते बाजूला सारलं. कारण सांगते, पण ते कारण म्हणून ऐका, सबब म्हणून नको. पुण्याहून माझ्या मॅडम येणार होत्या. ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या. माझं काम प्रत्यक्ष बघून त्या मला स्वतंत्रपणे काम करायला योग्य ठरवणार होत्या, आणि मी त्यांना दाखवायला भाविकाच निवडली होती. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे काय, अर्ध्या दिवसाचं काम. शहाद्यातच डॉक्टर होते. पण डॉक्टरकडे न्या म्हणणं म्हणजे मला कळत नाही म्हणणं. आणि तेव्हा मला सगळं कळत होतं ना!

मी घरच्यांना बसवून सांगितलं. यापुढे भाविकानं कान मारला की कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, जवळ जायचं नाही. तिला इजा होऊ नये म्हणून मऊ टोपी घालायची, बाकी शून्य. सुरुवातीला वाढेल, त्याला भडका म्हणतात, घाबरायचं नाही. मनीषाताईंनी लिहून घेतलं. प्रकाशभाऊ म्हणाले, मॅडम सांगतस तसंच करनं.

फुई दाराशी उभी होती; मला ती बेन म्हणायची, म्हणजे बहीण. ती हळूच म्हणाली, “बेन, हाई नाटक नही शे. तिले दुखस.”

मी हसले. समजूतदारपणे, जशी शिकलेली माणसं हसतात तशी. म्हटलं, फुई, तुम्ही तिच्यावर फार माया करता, म्हणूनच ती असं करते. तिचं भलं हवं असेल तर तुम्हालाच सगळ्यात जास्त आवर घालावा लागेल. आणि मग मनीषाताईंना, फुईच्या देखतच, सांगितलं की शिकवणीच्या वेळी आणि घरी भाविकाला असं व्हायला लागलं की फुईंना जरा बाहेर बसवत चला.

तसं झालं. घरी भाविका किंचाळायला लागली की मनीषाताई नणंदेकडे नुसतं बघायच्या, आणि ती उठून गोठ्याशी जाऊन बसायची. मनीषाताईंनीच मला कौतुकानं सांगितलं — ऐकतात हो आता. मी म्हटलं, छान, असंच चालू ठेवा.

कान मारणं वाढलं. अर्थात वाढलं. मी म्हटलं, भडका आहे.

त्या दिवसांत फुई एकदा मला एकटीला गाठून बोलली. केंद्राच्या पायरीवर. म्हणाली, “उशीले वास यी ऱ्हायना. तू शिकेल शेस, तुले जास्ती समजस. पन एक डाव कान पाहीन दे ना.”

मी म्हटलं, लाळ असेल, फुई. झोपेत लाळ गळते मुलांची.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी भाविका शिकवणीत सतरंजीवर आडवी झाली. तशी ती कधी होत नसे. केंद्रातली एक फिक्या निळ्या रंगाची उशी होती, तिच्यावर डावा कान दाबून पडून राहिली. मी तिला उठवलं. उशीवर डाग होता. पिवळा, मध्ये किंचित लालसर, आणि वास — तो वास लाळेचा नसतो, हे कुणालाही कळेल.

मनीषाताई बाहेरच्या खोलीत होत्या. एक दार मध्ये. दार उघडून ‘ताई, हे बघा’ एवढं म्हणायचं होतं.

पण आदल्याच आठवड्यात मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं की हे दुखणं नाही, सवय आहे. पुण्याच्या मॅडम सोमवारी यायच्या होत्या. मी उशी उलटी केली. वेळ संपल्यावर भाविकाला आईच्या हवाली केलं, आज छान बसली म्हणाले. ते गेल्यावर अभ्रा काढला, मोरीत नेला आणि साबण लावून घासला. डाग जात नव्हता. मी घासत राहिले. वाळत घालताना मनाशी ठरवलं — सोमवार होऊ दे. मंगळवारी म्हणते, कान एकदा दाखवून घ्या. चार दिवसांनी काय बिघडणार आहे?

हा माझा गुन्हा. पण हा अर्धाच. अर्ध्याला निदान भीती म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणू?

सोमवार आलाच नाही. शनिवारी मनीषाताईंचा फोन — भाविकाला ताप, कानामागे सूज, कान पुढे आल्यासारखा दिसतोय. मी शहाद्याच्या चौकात त्यांच्या गाडीत बसले आणि आम्ही नंदुरबारला, कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे निघालो. फुई मागच्या सीटवर भाविकाला मांडीवर घेऊन बसली होती. आता तिला कुणी बाहेर बस म्हटलं नाही. नंदुरबार जवळ आलं तसा वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा गाडीत शिरला. सगळे खोकायला लागले. फुईनं पदरानं भाविकाचं तोंड झाकलं आणि स्वतः तशीच खोकत राहिली.

वाटेत तिनं एक गोष्ट सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. काल संध्याकाळी पोरगी फारच तळमळत होती, म्हणून मनीषा शेतात गेलेली बघून तिनं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात थेंबभर सोडलं. एकदाच. फुईच कशाला, आमच्याकडे सगळेच असं करतात. माझ्या आईनंही माझ्या कानात घातलं आहे. मनीषाताईंनी ओठ आवळले.

काल संध्याकाळी. आणि अभ्रा मी धुतला होता त्याच्याही आधी. तेलाच्या आधी पू होता. हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

डॉक्टर वयस्कर होते, तुटक बोलणारे. कान बघून त्यांचा चेहरा बदलला. जंतुसंसर्ग कानामागच्या हाडात गेला होता, लगेच सुरतेला न्यायला सांगितलं. मग विचारलं, “हे किती दिवसांपासून वाहतंय? कुणाच्या लक्षात आलं नाही?”

मनीषाताई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांची नजर मला अजून दिसते. त्या नजरेत आरोप नव्हता. मॅडम सांगतील, एवढंच होतं.

मी बोलले. “डॉक्टर, घरात कानात तेल घातलंय.”

एवढंच. हे खोटं नव्हतं, बघा. तेल घातलंच होतं. पण त्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. डॉक्टर भडकले. वाहत्या कानात तेल घालतात का, केव्हा सुधारणार तुम्ही लोक, असं बरंच बोलले. तेलामुळे हे झालं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पण म्हणायची गरज उरली नव्हती. मनीषाताई वळल्या आणि त्यांनी नणंदेकडे पाहिलं. प्रकाशभाऊंनीही पाहिलं. फुईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

मी तिथेच उभी होते. डॉक्टर चिठ्ठी लिहीपर्यंत, गाडी सुरतेच्या रस्त्याला लागेपर्यंत, नंतरच्या कितीतरी दिवसांत — प्रत्येक वेळी तोंड उघडता आलं असतं. मी रिक्षानं बसस्टँडवर आले, शहाद्याची बस पकडली आणि मनात एकच आलं, ते लिहायलाही लाज वाटते. वाटलं, सुटले.

भाविका वाचली. ऑपरेशन झालं. डाव्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. जिला आधीच शब्द नव्हते, तिचा एक कान गेला. पुण्याच्या मॅडम पुढे कधीतरी आल्या, मी दुसरं मूल दाखवलं, त्यांनी मला योग्य ठरवलं.

फुईला कुणी घरातून काढलं नाही. प्रकाशभाऊ तसे नाहीत. पण मनीषाताई भाविकाला तिच्याजवळ एकटी सोडेनात. भाविका आपली आपण तिच्याकडे गेली, हात धरून तिला ओढायला लागली, तरी फुई हात सोडवून घ्यायची, असं मनीषाताईच सांगायच्या. मग एक दिवस कळलं की फुई म्हसावदला धाकट्या भावाकडे राहायला गेली. कायमची. जाताना कपड्यांचं एक बोचकं, बाकी काही नेलं नाही.

इथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण मी थांबले नाही.

मी पालकांची शिबिरं घेते. तिथे घरगुती उपायांचा विषय निघतोच. पहिल्यांदा कधी सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं — नाव न घेता. एक मुलगी होती, घरातल्या एका अशिक्षित बाईनं प्रेमापोटी कानात तेल घातलं आणि मुलीचा कान गेला. लोक च्‌च्‌ करायचे. गोष्ट परिणामकारक होती, म्हणून पुन्हा सांगितली. मग दर शिबिरात. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली की कधी कधी मलाच वाटायचं, असंच तर झालं होतं. उशी आठवायचीच नाही. माणूस इतका स्वतःला फसवू शकतो? शकतो. मी करून बघितलं आहे.

मग गेल्या शिबिरात मनीषाताई आल्या. नव्या पालकांशी दोन शब्द बोला, अशी मीच विनंती केली होती. भाविका आता मोठी झाली आहे, उंच, वेण्या घातलेली. उजवा कान पुढे येईल अशी मान कलती ठेवून बसते. ती आईशेजारी बसली होती. मनीषाताई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “मॅडम जी तेलाची गोष्ट सांगतात ना, ती माझ्या मुलीची आहे. तेल घालणारी माझी नणंद. मॅडमचं ऐकलं असतं तर आज माझ्या मुलीचा कान असता. मी तिला अजून माफ केलेलं नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या धीराबद्दल असतील. भाविकानं टाळ्यांच्या आवाजानं मान आणखी वळवली.

मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वर गेले.

पुढच्याच रविवारी मी म्हसावदच्या बसमध्ये बसले. ठरवून गेले होते. आधी फुईला सांगायचं, मग ब्राह्मणपुरीला जाऊन त्या दोघांना. वाटेत वाक्यं जुळवत होते. उशीपासून सुरू करायचं, की डॉक्टरांपासून? अंतर थोडं आहे. वाक्यं जुळली नव्हती तोच गाव आलं.

घर सापडायला त्रास पडला नाही. फुई ओसरीवर बसली होती. खूप वाळली होती, पण मला लगेच ओळखलं. उठायला लागली, मी खाली बसवलं. तिनं आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग भाविकाचं विचारलं. उंच झाली का. जेवते का नीट. वेणी घालू देते का, आधी डोक्याला हात लावू देत नसे. मी सगळं सांगत गेले. तिनं मनीषाताईंबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही.

तेवढ्यात झोळीतलं बाळ रडायला लागलं. भावाचा नातू, काही महिन्यांचा. झोळी ओसरीतच होती, फुईच्या हाताशी. तिनं नुसता हात लांबवला असता तरी पोचला असता. ती हलली नाही. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक. आतल्या दाराकडे तोंड करून तिनं आवाज दिला, “पोऱ्या रडी ऱ्हायना वं, यी जाय.” आतून सुनेचा आवाज आला, आले आले, दूध उतू जातंय. बाळ रडत राहिलं. लाल झालं. फुई झोळीकडे बघतही नव्हती. समोर अंगणात कुठेतरी बघत होती आणि तिची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती.

आमच्या शास्त्रात शिक्षा या शब्दाचा अर्थ छडी नाही. एखाद्या वागण्यानंतर असं काही घडतं की ते वागणं पुढे कमी होत जातं, शेवटी बंद पडतं — ती शिक्षा. मुलं रडली की धावणारी बाई मला थांबवायची होती. ती थांबली होती.

सून आली, बाळाला घेऊन आत गेली. मी म्हटलं, “फुई, मला तुमच्याशी बोलायचंय.”

ती माझ्याकडे वळली. बहुधा तिलाही कधीपासून काही विचारायचं होतं, कारण माझ्या आधी तीच बोलली. अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

“बेन, एक इचारू? खरं सांगजो. मन्हा तेलमुयेच पोरीना कान गया का?”

इतकं सोपं कुणी कुणासाठी करून ठेवत नाही. ‘नाही’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. बाकीची वाक्यं नंतर जुळली असती, नसती जुळली तरी चाललं असतं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. ती उत्तराची वाट बघत होती, आणि मला दिसत होतं की इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही विचारलेला नाही. विचारायला शिकलेलं माणूस हवं होतं ना.

मी म्हणाले, “होतं असं कधी कधी, फुई. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?”

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग म्हणाली, “हा. मुद्दाम नही करं.”

चहा आला. मी प्यायले. तिनं विचारलं, तू काय बोलणार होतीस? मी म्हटलं, काही नाही, सहज आले होते भेटायला. ती म्हणाली, बरं केलंस, इथे कोण येतं. मी निघाले तेव्हा ती उठून फाटकापर्यंत आली, आणि भाविकाला द्यायला म्हणून शेंगदाण्याचे लाडू पदराखालून काढून माझ्या हातात ठेवले. मग दबल्या आवाजात सांगितलं, मी दिले म्हणू नको, मनीषा खाऊ देणार नाही.

लाडू मी दिले. केंद्रात, माझ्या हातानं. भाविकानं कार्ड मागे सारलं आणि डबाच ओढून घेतला. मनीषाताईंनी विचारलं, कुणी केले, छान झालेत. मी म्हटलं, मीच केले.

उद्या केंद्र आहे. सकाळच्या पहिल्या वेळेला भाविका येते.